सुकाणूची डावी दोरी

काटा दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या अंगी आधी स्थैर्य असावे लागते. कौशल्य त्याच्या मागून येते. नाजूक तराजूची दांडी डोलायची थांबेपर्यंत त्याला श्वाससुद्धा बेताने घ्यावा लागतो, कारण पारड्यावरून गेलेला निःश्वासही वजनात धरला जातो. सगळा बाजार ज्यांना नुसते 'काटेवाले' म्हणून ओळखत असे, त्यांनी हे स्थैर्य जन्मभर एखाद्या व्रतासारखे सांभाळले होते. वाऱ्याच्या दिवशी दुकानाची खिडकी बंद, पंखा बाराही महिने बंद, आणि बोलणेही असे की समोरच्या पारड्याला त्याचा पत्ता लागू नये. अशा माणसाचे स्टूल एके दिवशी करकरू लागले, तेव्हा आपला छोटा तराजू न्यायला आलेल्या औषधविक्रेत्याने विचारले, "काय काटेवाले, स्टूल बदललंत की माणूस?"

"स्टूल," काटेवाले म्हणाले, आणि पुन्हा बूड हलवले.

स्टूल तेच होते. बदल झाला होता तो समुद्रावर, आणि त्यालाही आता पंधरवडा उलटून गेला होता.

ऐन तारुण्यात काटेवाल्यांनी वल्हे हाती धरले ते आता डोक्यावरचे केस पांढरे झाले तरी सुटले नव्हते. दिवसभर माशीच्या पंखाएवढ्या फरकाशी झुंजणाऱ्या या माणसाला सुट्टीच्या दिवशी असे काही हवे असे, जे कोणत्याच पारड्यात मावणार नाही. आणि ते त्यांना समुद्रात सापडले होते. त्यांची होडी दोघांची होती. लांब, निमुळती, एखाद्या बोरूसारखी टोकदार. पुढे बसणारा ताल धरतो. मागे बसणारा त्या तालावर वल्हे मारतो आणि पायांखालच्या दोन पट्ट्यांनी सुकाणू सांभाळतो. डावी पट्टी दाबली की डावीकडची दोरी ताणली जाते आणि होडी डावीकडे वळते. उजवी दाबली की उजवीकडे. पुढची जागा काटेवाल्यांची. मागच्या जागी गेली कित्येक वर्षे त्यांची भाची बसत असे.

भाचीला घरात सगळे चिमणी म्हणत. बाळपणी ती खरोखरच चिमणीएवढी होती. पुढे ती इतकी उंच झाली की मामाच्या दुकानात शिरताना तिला मान तुकवावी लागे, पण नाव काही उंच झाले नाही. ती शहरातली बस चालवायची. एवढे मोठे धूड अरुंद रस्त्यांतून ती अशा हाताने वळवी, की उभ्या प्रवाशाला दांडा धरायची आठवणही होऊ नये. ती शाळकरी वयाची असताना काटेवाल्यांनी तिला होडीत बसवले आणि पहिल्याच दिवशी नियम घालून दिला: "मागच्यानं पुढच्याशी बोलायचं नाही. खडक, पाण्यावर तरंगणारा बोय, दुसरी होडी, एवढंच सांगायचं. बाकी तोंड बंद. पुढच्याचा ताल मोडला की होडी मोडली समज." चिमणीने तो नियम एखाद्या दीक्षेप्रमाणे पाळला होता. जमिनीवर तिची जीभ कधी विसावत नसे, पण पाण्यात उतरली की मौन.

तिच्याविषयी काटेवाल्यांना अभिमान होता, पण तो बोलून दाखवण्याची त्यांची रीत वेगळी होती. होड्यांच्या शेडमध्ये कुणी तिची वाखाणणी केली तर ते म्हणत, "बरी मारते. पण माझ्या उमेदीच्या काळातल्या पासंगालाही पुरायची नाही." त्यांच्या तोंडी हा शब्द नुसता वाक्प्रचार नसे. दोन पारड्यांत जन्मजात फरक असला म्हणजे हलक्या पारड्याखाली धातूचा एखादा तुकडा बांधून तोल जुळवतात, तोच पासंग. काटेवाल्यांना या तुकड्याचा मनस्वी तिटकारा होता. गिऱ्हाइकाने घाईघाईत "बांधा की काहीतरी खाली, आजचं काम भागलं म्हणजे झालं" असे म्हटले, की ते चष्मा काढून त्याच्याकडे बघत. "पासंगानं काटा खरा होत नाही, मालक. त्याचा खोटेपणा झाकला जातो, एवढंच."

तुलना हा शब्द तुलेच्याच पोटी जन्मलेला आहे. ज्याचे सारे आयुष्य तुलेसमोर गेले, त्याला तुलनेवाचून राहवत नाही, आणि म्हणूनच यंदाची शर्यत त्यांच्या मनातून जाईना. बंदरापासून निघायचे, दूरच्या दीपगृहाच्या खडकाला वळसा घालायचा आणि परत बंदरात यायचे, अशी ती लांब पल्ल्याची शर्यत. दरवर्षी मामा-भाचीची होडी पहिल्या चार-सहांत असायची. यंदा ते आले तेव्हा वेळ नोंदवणारा गृहस्थ आपली खुर्ची मिटवत होता. त्यांना पाहून त्याने ती पुन्हा उघडली. त्या एका सौजन्याने काटेवाल्यांच्या काळजाला जेवढी घरे पडली, तेवढी पराभवानेही पडली नव्हती.

बरे, झाले तर काय होते? होडी उलटली नव्हती. वादळ आले नव्हते. कुणाच्या पायात गोळा आला नव्हता, कुणाला मळमळले नव्हते. संकटाला निदान एक चेहरा असतो; त्याच्याकडे बोट दाखवता येते, त्याची गोष्ट सांगता येते. इथे नुसती होडी जड झाली होती. जाताना थोडी जड आणि येताना फारच. वजन ओळखणे हा ज्यांच्या बोटांचा धर्म, त्या काटेवाल्यांना तळाखाली कुणीतरी पोते बांधले असावे तसा भार हातात जाणवत होता. शेवाळ अडकले असेल म्हणून त्यांनी दोनदा होडी मागे रेटून पाहिली. शेवाळ नव्हते. दोन्ही वेळा मागून एक अवाक्षर आले नाही.

आणि तिथेच संशयाचा किडा शिरला. पुढे बसणाऱ्याला सगळा समुद्र दिसतो. दिसत नाही तो एक आपला जोडीदार. मागचे वल्हे पाण्यात बुडते आहे एवढे कानांना कळते, पण ते पाणी ओढते आहे की नुसते भिजते आहे, हे कळायला मार्ग नाही. चिमणी दमली असेल. चिमणीने हात आखडता घेतला असेल. आदल्या दिवशी उशिरापर्यंत तिची पाळी होती, हे काटेवाल्यांना शर्यतीनंतर आठवले आणि मग ते त्यांना पुनःपुन्हा आठवत राहिले.

त्या भरात त्यांच्याकडून एक गोष्ट घडली. होड्यांच्या शेडचा रखवालदार, ज्याने आयुष्यात एकही जहाज हाकले नव्हते आणि ज्याला म्हणूनच सगळे कप्तान म्हणत, त्याने विचारले, "काय हो, यंदा वाटेत मुक्काम केलात की काय?"

"मागचं इंजिन बंद पडलं असावं," काटेवाले म्हणाले.

शेडमध्ये हशा पिकला. काटेवालेही हसले. विनोदाच्या पायाला भिंगरी असते. दोन दिवसांत तो साऱ्या बंदरभर फिरून आला. कुणी चिमणीच्या बसमध्ये चढताना विचारले, "इंजिन ठीक आहे ना आज?" तिने तिकिटाकडे बोट दाखवले आणि दार मिटले. एवढे काटेवाल्यांच्या कानावर आले. त्या पुढचे त्यांच्या पत्नीने घातले.

काटेवाल्यांची पत्नी घरीच कपडे शिवत असे. तिच्या यंत्राचा आवाज थांबला की काहीतरी महत्त्वाचे बोलायचे आहे, असा त्या घरातला संकेत होता. त्या दुपारी तो थांबला.

"वन्संचा फोन होता. त्या बेकरीवालीनं चिमणीला बोलावलंय जोडीला. पुढच्या मोसमाच्या लांब शर्यतीसाठी. रविवारी उत्तर द्यायचंय."

बेकरीवाली म्हणजे बाजाराच्या टोकाला पावाची भट्टी चालवणारी, चिमणीच्याच वयाची, खांद्यांनी भक्कम बाई. यंदाच्या शर्यतीत तिची होडी दुसरी आली होती, आणि तिची जोडीदारीण आता शहर सोडून जाणार होती.

"मग सांगू दे हो तिला," काटेवाले म्हणाले.

"मला काय सांगता? चिमणी विचारतेय का मला? तिची आई म्हणाली, मामा काय म्हणतो ते बघून ठरवेल."

"मामा म्हणतो, हो सांग."

"मग मामानं जाऊन सांगावं. भाची तुमची आणि निरोप्या मी?" असे म्हणून पत्नीने दोरा दाताने तोडला. "आणि अहो, ते इंजिनाचं काय बोललात म्हणे?"

काटेवाले उठले. ते दुकानात परत गेले. स्टूल करकरू लागले ते त्याच दिवसापासून.

'हो सांग तिला' एवढे तीन शब्द. पण काटेवाले ते मनातल्या मनात नाना परींनी म्हणून पाहू लागले. कधी थंडपणे, जणू काही वाटतच नाही. कधी मोठेपणाने. कधी त्यांना पुढे एक शेपूट जोडून: 'हो सांग तिला, तिच्या होडीत तरी ओढ.' हे शेपूट त्यांना आवडले, आणि आवडले म्हणून त्यांची स्वतःवरच चिडचिड झाली. सोनाराच्या काट्याचे बारीक वजन चिमट्यातून निसटले आणि टेबलाखाली घरंगळले. ते गुडघ्यांवर बसून शोधू लागले. त्यांच्या आठवणीत असे पूर्वी कधी घडले नव्हते. खरी भीती त्या तीन शब्दांच्या पलीकडे बसली होती, आणि ती त्यांना पुरती ठाऊक होती. चिमणी गेली तर मागे कोण बसणार? या वयाच्या माणसामागे कोण बसते? एकट्याच्या होडीत लांबच्या पाण्यावर जाऊ देणार नाही, असे पत्नीने पूर्वीच बजावले होते. चिमणी जाणे म्हणजे समुद्र जाणे. आणि ती राहिली, तर संशय राहणार. दोन्ही पारडी सारखीच जड. दांडी मध्यावर थरथरत होती आणि स्थिर होत नव्हती.

शनिवारी दुपारी त्यांनी दुकान लवकर बंद केले आणि ते शेडकडे गेले. होडी गोड्या पाण्याने धुवायची राहिली होती, हे निमित्त. वास्तविक त्यांना हातांना काहीतरी काम हवे होते.

"इंजिन बघायला आलात का?" कप्तानाने विचारले.

"नळी दे इकडे आणि गप बस."

होडी लाकडी घोड्यांवर पालथी होती. धुऊन झाल्यावर त्यांनी ती सुलटी केली, पायपट्ट्या नीट समोरासमोर, सारख्या अंतरावर आणल्या, आणि सवयीने मागे जाऊन सुकाणूकडे पाहिले. पट्ट्या समान असल्या म्हणजे सुकाणू होडीच्या रेषेत सरळ असले पाहिजे. ते सरळ नव्हते. उजवीकडे कलले होते.

क्षणभर काटेवाल्यांच्या सर्वांगातून एक उष्ण समाधान वाहत गेले. सापडले! सुकाणू उजवीकडे! म्हणजे ही मुलगी सबंध शर्यत तिरकी हाकत होती. हात आखडला तो आखडला, वर पायही वाकडा. पाण्यात तिरके धरलेले सुकाणू म्हणजे दुसरे काही नाही, गळ्यात बांधलेला दगड. त्यांनी वाकून दोऱ्या तपासल्या. उजवी दोरी ताठ. डावी दोरी सैल, बोटाने उचलली तर धनुकलीसारखी वर येणारी.

"काय मिळालं?" कप्तान म्हणाला.

"डावी दोरी लोंबतेय."

"कामचुकार दिसते."

आणि त्या शब्दावर काटेवाल्यांचे बोट दोरीखाली तसेच थांबले. कारण हा शब्द ते स्वतः रोज ऐकत आणि रोज खोडून काढत असत. दुकानदार जुना काटा घेऊन येत, त्याची एक स्प्रिंग लांबलेली असे, आणि म्हणत, 'ही बघा, हीच ढिली पडली, हिच्यामुळंच सगळा घोळ.' मग काटेवाले त्यांना समजावत: 'ढिली पडली म्हणजे आळशी नव्हे, मालक. जी लांबते तिनंच भार वाहिलेला असतो. जी ताठ राहिलीय तिला काही कामच पडलं नाही.'

डावी दोरी लांबली होती. म्हणजे ताण डावीकडे होता. सुकाणू विश्रांतीच्या वेळी आज उजवीकडे कलत होते, ते त्या दिवशी ती पोरगी सतत डावी पट्टी दाबून बसली होती म्हणून. होडी उजवीकडे जात होती आणि ती तिला डावीकडे ओढून सरळ ठेवत होती. वाऱ्यामुळे? काटेवाल्यांनी त्या आशेला घट्ट धरले. जाताना वारा उजवीकडून होता खरा. आणि वारा ज्या बाजूने येतो तिकडे होडीचे नाक वळते. पण येताना तोच वारा डावीकडून आला असणार. वाऱ्याचाच खेळ असता तर जाताना डावी दोरी लांबली असती आणि येताना उजवी. हिशेब बरोबरीत सुटला असता. इथे एकटी डावीच लांबली होती. म्हणजे होडीला उजवीकडे रेटणारी शक्ती वाऱ्याबरोबर दिशा बदलणारी नव्हती. ती होडीतच बसलेली होती. पुढच्या जागेवर.

डाव्या हाताचा घाव जोरात आणि उजव्याचा लटका पडला, तर होडी उजवीकडेच जाणार.

काटेवाल्यांनी नळी उचलली आणि ती खुंटीला अडकवायला उजवा हात वर केला. हात खांद्याच्या उंचीपर्यंत गेला, तिथे जरा थबकला, आणि त्यांनी पाहिले की त्यांचा डावा हात आपण होऊन पुढे आला आहे आणि उजव्या कोपराला खालून आधार देतो आहे. इतका सराईतपणे, की ही सोबत कधीपासूनची आहे हे त्यांना सांगता येईना.

"काय झालं हो?" कप्तानाने विचारले. "चेहरा उतरला."

"इंजिन सापडलं," काटेवाले म्हणाले.

बसआगार बंदरापासून लांब नव्हते, पण ते चालत गेले आणि चालताना दोनदा वाट चुकले. चिमणीची पाळी नुकतीच संपली होती. रिकाम्या बसच्या पायरीवर बसून ती बुटाची नाडी सोडत होती. मामाला पाहून ती उठली नाही; नुसती सरकली आणि पायरीवर जागा केली.

"या. तिकीट लागत नाही," ती म्हणाली.

काटेवाले बसले. समोर बसगाड्या धुतल्या जात होत्या, आणि साबणाचे पाणी फरशीवरून वाट शोधत येत होते.

"डावा पाय कसा आहे?" त्यांनी विचारले.

चिमणीने मान वळवून त्यांच्याकडे पाहिले. मग बूट काढला, मोजा काढला. तळव्याच्या पुढच्या फुगवट्यावर फोडाची साल निघून खाली नवी, गुलाबी कातडी आलेली होती.

"बरा आहे आता. क्लच दाबताना जीव जात होता आठवडाभर."

"सबंध वाट?"

"खडकाला वळसा घातला तिथं जरा सुटका झाली. तिथं उजवीकडंच वळायचं होतं ना." ती हसली. "तेवढं होडी आपली आपणच वळली."

"मला सांगितलं नाहीस."

"सांगायचं नसतं. खडक, बोय, दुसरी होडी. तुमचाच नियम."

"नियम गेला चुलीत! मी दोनदा होडी मागे रेटली. शेवाळ शोधत होतो. तेव्हा तरी?"

"तेव्हा काय म्हणू? मामा, शेवाळ तुमच्या खांद्यात आहे?" ती मोजा उलटा करून झटकत राहिली. "आणि खरं सांगू? मला तो नियमसुद्धा आठवला नाही. माझी गाडी एका बाजूला ओढत असली तर मी काय प्रवाशांना सांगत बसते? चाक धरून ठेवायचं आणि पोचवायचं."

साबणाचे पाणी काटेवाल्यांच्या चपलेपर्यंत आले, तरी त्यांनी पाय उचलला नाही.

"म्हणजे मी प्रवासी होतो," ते म्हणाले.

"असं नव्हतं म्हणायचं मला."

"तू बरोबरच म्हणालीस. ताल मी धरतोय, होडी मी नेतोय असं समजून पुढं बसलेला प्रवासी. कधीपासून?"

चिमणी गप्प राहिली. जमिनीवर तिला गप्प राहिलेली काटेवाल्यांनी प्रथमच पाहिली.

"मागच्या वर्षी थोडं होतं," ती शेवटी म्हणाली. "मधूनमधून. यंदा सारखं झालं. आणि तुम्ही त्या इंजिनाचं बोललात ना मामा, ते लागलं मला. हसण्यावारी नेलं, पण लागलं. बेकरीवालीला मी त्याच दिवशी हो म्हणणार होते. फोन हातात होता."

"मग?"

"मग तुमच्या सहीशिवाय कसं म्हणायचं? अजून मामाचीच होडी आहे ना ती." हे ती थट्टेने म्हणाली, पण आवाज थट्टेचा राहिला नाही.

आता ते तीन शब्द म्हणायची वेळ आली होती. आठवडाभर घोटून, धार लावून ठेवलेले शब्द. काटेवाल्यांनी ते उचलले आणि त्यांचे त्यांनाच नवल वाटले, कारण धार कुठल्या कुठे गेली होती आणि वजन मात्र दुप्पट झाले होते.

"हो सांग तिला," ते म्हणाले.

"रागावून म्हणताय?"

"रागावून म्हणणार होतो. काल म्हणालो असतो तर तुला आणि मला दोघांनाही सोपं गेलं असतं." त्यांनी उजवा हात मांडीवर ठेवला आणि डाव्याने तो झाकला. "तुझ्या पायात जेवढा जोर गेला तेवढा हातात आला असता, तर तू पहिली आली असतीस. इंजिन चालू होतं. मीच ब्रेकवर बसलो होतो. हे कप्तानाला मी सांगेन, तुला नको सांगायला."

"कप्तानाला सांगाल म्हणजे सगळ्या बंदराला सांगाल."

"त्यासाठीच."

ते घरी आले तेव्हा शिवणयंत्र चालू होते. त्यांनी पत्नीला सगळे सांगितले. सांगताना येरझारा घालत होते, म्हणून सगळे तुकड्यातुकड्यांनी सांगितले गेले. खांद्याचे नाव निघाले तेव्हा यंत्र थांबले.

"उजवा," पत्नी म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

"तुला कसं ठाऊक?"

ती उठली आणि दोरीवरचा त्यांचा वाळलेला सदरा घेऊन आली. उलटा करून तिने दोन्ही बाह्यांची काखेकडची शिवण त्यांच्यासमोर धरली. उजव्या बाहीच्या काखेत कापडाची एक लहानशी चौकोनी कळी जोडलेली होती, अशी बेमालूम की बाहेरून कळू नये. डाव्या बाहीत ती नव्हती.

"तुम्ही सदरा घालताना अडकायला लागलात, उजवा हात आधी घालायला लागलात. म्हणून घातली. सगळ्या सदऱ्यांना घातलीय."

"कधीपासून?"

"आता ते कशाला?"

"तूही पासंग बांधलास," काटेवाले म्हणाले. "मला न सांगता."

"सांगितलं असतं तर घालू दिला असतात?" पत्नीने सदऱ्याची घडी घातली. "डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणालात, स्टूल खराब आहे म्हणून मान धरते. बिचारं स्टूल."

काटेवाल्यांना हसू आले. आयुष्यभर ज्या तुकड्याचा त्यांनी तिरस्कार केला, तो त्यांच्या पारड्याखाली दोन बाजूंनी बांधलेला होता. प्रेमाने, चोरून, मापात. असत्य झाकणारा तो तुकडा इतका मऊ असू शकतो, हे त्यांना कोणत्याही काट्याने शिकवले नव्हते. आणि तरी तो असत्यच झाकत होता, हेही खरे. दोन्ही खरे होते, आणि त्यांतले एकही मनात स्थिर बसत नव्हते.

रविवारी सकाळी ते शेडमध्ये पोचले तेव्हा चिमणी आधीच आलेली होती, आणि कप्तान तिला काहीतरी सांगत होता. काटेवाल्यांनी दोघांच्या देखत डावी दोरी नव्याने बांधली. कप्तानाने विचारले, "मग, इंजिन कुणाचं बंद पडलं होतं?" तेव्हा त्यांनी गाठ आवळता आवळता स्वच्छ आवाजात उत्तर दिले, "माझं. पुढचं. तिनं ओढत आणलं मला." शेडमध्ये या वेळी हशा पिकला नाही. कप्तानाने उगीचच नळी गुंडाळायला घेतली.

मग त्यांनी पायपट्ट्या आपल्या पायांच्या मापाने मागे सरकवल्या.

"हे काय?" चिमणी म्हणाली.

"पुढं बस. ज्याचा दोष त्यानं पट्टी दाबावी."

"मी बेकरीवालीला हो म्हटलंय, मामा. सकाळीच."

"ऐकलं मी. छान केलंस. आज कुठं शर्यत आहे? बस."

बंदराच्या बाहेर पडेपर्यंत सगळे ठीक चालले. काटेवाल्यांनी इतक्या वर्षांत प्रथमच आपल्या होडीत एक पाठ पाहिली. रुंद, उंच, एका लयीत डावी-उजवीकडे वळणारी. तिच्या वल्ह्याचे पाणी त्यांच्या तोंडावर उडत होते. हे पाणी इतकी वर्षे कुणाच्या तोंडावर उडत होते, याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता. समुद्र फारसा दिसत नव्हता. मोकळे पाणी लागताच होडीचे नाक सावकाश उजवीकडे झुकू लागले. त्यांनी डावी पट्टी दाबली. होडी सरळ झाली, आणि तळाखाली ते ओळखीचे पोते येऊन लटकले. तोच भार, तसूभर कमी-अधिक नाही. पहिला बोय यायच्या आतच पोटरी थरथरू लागली. चिमणीने हे दीपगृहापर्यंत आणि परत नेले होते, आणि वर वल्हेही मारले होते.

त्यांनी दात आवळून आणखी थोडे अंतर काढले. पुढची पाठ जरा मंदावली. त्यांच्या ध्यानात आले: ती त्यांच्यासाठी ताल उतरवते आहे. पुन्हा तेच, न बोलता.

"चिमणे!" त्यांनी हाक मारली. पाण्यावर, मागून, आयुष्यात प्रथमच. "हळू करू नकोस."

"बोलायचं नसतं मागच्यानं," ती मान न वळवता म्हणाली.

"नियम मोडला. ऐक. होडी उजवीकडे जातेय, ती माझ्यामुळं जातेय. माझा पाय आता दुखतोय. दुखला म्हणजे मी सांगेन. तोवर तू मार."

"आणि मी दमले तर?"

"तर तूही सांग. गपचूप ओढायचं नाही कुणी कुणाला."

पुढून एक हसू ऐकू आले आणि वल्ह्याचा घाव खोल गेला. काही अंतर गेल्यावर ती म्हणाली, "लांब शर्यत तिच्याबरोबर. रविवार तुमच्याबरोबर. पण मागंच बसायचं, आणि डॉक्टरकडे जायचं. मामीनं सांगितलंय मला."

"तुम्ही सगळ्यांनी मिळून कट केलाय."

"बोय!" चिमणी ओरडली, आणि काटेवाल्यांनी पट्टी दाबली.

सोमवारी औषधविक्रेता आपला तराजू तपासून घ्यायला पुन्हा आला. स्टूल करकरत नव्हते. पण टेबलाखालून एक बारीकसा ठकठक आवाज येत होता. त्याने वाकून पाहिले. काटेवाल्यांचा डावा पाय, बाकी शरीर निश्चल असताना, जमिनीवर दाब देत होता, सोडत होता, पुन्हा देत होता.

"काटेवाले, पाय का हलवताय?"

काटेवाल्यांनी दांडीवरची नजर काढली नाही. "हलवत नाही," ते म्हणाले. "सरळ ठेवतोय."